मुकुंदराज, दासोपंत आणि माझा फोल्डर

मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत, दासोपंतांची समाधी अंबाजोगाईत. अशा गावात राहणारा माणूस सकाळी फिरायला निघाला की तिसऱ्या समाधीला जागा कुठं बरी, हा विचार त्याच्या मनात येतोच. निदान माझ्या तरी येतो. म्हणून घरात सगळ्यांत मिळून जो एकच कॉम्प्युटर आहे त्यात मला स्वतंत्र, कुलूपबंद, इतर कुणालाही न उघडणारा फोल्डर पाहिजे, ही माझी मागणी मराठी साहित्याच्या इतिहासाला धरूनच होती. उद्या संशोधक येणार. कवीचे कच्चे खर्डे मागणार, खोडलेल्या ओळी मागणार, न पाठवलेली पत्रं मागणार. आणि तोवर भिशीच्या हिशेबाला जागा होत नाही म्हणून ते सगळं कुणीतरी रिसायकल बिनमध्ये लोटलेलं असणार.

"अहो, तुमचं कोण बघतंय?" बायको म्हणाली.

हे आपण धीर द्यायला म्हणालो होतो, असं तिचं अजून म्हणणं आहे.

तोपर्यंत आमचा कारभार सगळा उघड्यावर होता. एकच खातं, पासवर्ड नाही, आणि जे काही आहे ते डेस्कटॉपवर. धाकटा भाऊ शेती बघतो, त्यामुळं निम्मा पडदा सातबारे, आठ-अ आणि बँकेच्या पासबुकांच्या पहिल्या पानांनी भरलेला. त्यात पीकविमा. या विम्याचा 'बीड पॅटर्न' 2020 साली आमच्याच जिल्ह्यानं महाराष्ट्राला दिला. पुढं 2023च्या खरिपापासून विमा एका रुपयात मिळायला लागला, तेव्हा आमची यच्चयावत भावकी कागद घेऊन बैठकीत येऊन बसली. 'पीकविमा', 'पीकविमा फायनल', 'पीकविमा फायनल खरा', 'पीकविमा काकाचा चुकीचा' अशा फायलींच्या गर्दीत माझी 'सांजपर्व' ही दीर्घकविता अंग चोरून उभी असायची. एकदा ती सातबाऱ्यासोबत प्रिंट होऊन थेट एका कार्यालयात दाखल झाली. चार दिवसांनी परत आली. वर लाल पेनानं लिहिलं होतं : 'अपूर्ण. स्वाक्षरी नाही.' माझ्या कवितेवरचा तो आजवरचा एकमेव लेखी अभिप्राय.

मग मी खाती पाडली. विंडोजमध्ये माणसांच्या दोन जाती असतात : ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. ॲडमिनिस्ट्रेटर मी झालो, बाकीचे घर स्टँडर्ड. ही व्यवस्था मला फार आवडली. स्टँडर्ड माणूस दुसऱ्याच्या फोल्डरवर गेला की त्याला 'परवानगी नाही' म्हणून हाकलून देतात. ॲडमिनिस्ट्रेटर गेला तर त्यालाही आधी 'परवानगी नाही' असंच म्हणतात, पण खाली हळूच 'कंटिन्यू' नावाचं बटन ठेवलेलं असतं. ते दाबलं की आत. म्हणजे सरंजामशाही गेली म्हणतात ती कुठं गेली, याचा पत्ता मला लागला. मी घरच्यांना बसवून शब्द दिला की तुमच्या फोल्डरमध्ये मी कधीही डोकावणार नाही. माझं बोलणं संपायच्या आत निम्मे उठून गेले होते.

माझ्या फोल्डरला मात्र मी एवढ्यावर सोडला नाही. आधी तो हिडन केला. मग कळलं की 'हिडन आयटम्स'वर टिचकी मारली की हिडन वस्तू जरा फिकट रंगात, पण सगळ्यांना दिसते. मग मुलाच्या एका मित्रानं ऑल्ट दाबून 0160 टाइप करायची विद्या शिकवली. फोल्डरला नाव असतं पण ते कोरं दिसतं. वर पारदर्शक आयकॉन लावला. आता माझं वाङ्मय सापडायला मलाच माउस दाबून पडद्यावर चौकट ओढत फिरावं लागतं. त्याच मुलानं असंही सांगितलं की 'कॉन' नावाचा फोल्डर जगात कुणालाच करता येत नाही, बिल गेट्सलासुद्धा कारण माहीत नाही. कारण साधं आहे. डॉसच्या जमान्यापासून ते नाव खुद्द यंत्राच्या कन्सोलसाठी राखून ठेवलंय. हे मी त्याला सांगितलं, तेव्हापासून तो आमच्याकडे येत नाही.

पण कुलपांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की मराठी माणसाला पासवर्ड काही विंडोजनं शिकवला नाही. आमच्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठी पांचाळेश्वर आहे. महानुभावांचं मोठं तीर्थ. या महानुभावांनी आपले ग्रंथ असे कुलूपबंद केले की आजचे इंजिनिअर तोंडात बोट घालतील. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी काढली. नेहमीच्या अक्षरांच्या जागी दुसरीच अक्षरं आणि खुणा. किल्ली पंथातल्या माणसाजवळ, आणि ती तोंडी. मग एका लिपीवर भागेना. सुंदरी लिपी झाली, अंकलिपी झाली, शून्यलिपी, सुभद्रालिपी, वज्रलिपी. एकेका शाखेचं एकेक कुलूप! पावित्र्य राखायचं, परक्या आणि वैऱ्याच्या नजरेपासून ग्रंथ वाचवायचे, हे कारण. ते त्यांनी इतकं चोख पार पाडलं की मराठीतलं पहिलं गद्य, आमच्या भाषेचं पहिलं घरगुती बोलणं, त्या पोथ्यांत बंद पडून राहिलं आणि मराठी वाचणाऱ्या जगाला शतकानुशतकं त्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे त्या अक्षरांशी झटले आणि कुलूप निघालं. ग्रंथ समोर उघडा पडलाय, अक्षरं डोळ्यांना दिसतायत, आणि तरी आत जाता येत नाही. हे मला 'परवानगी नाही'पेक्षा फार उंची वाटतं.

याच्या उलट आमचे दासोपंत. त्यांनी काही लपवलं नाही. गीतेवर 'गीतार्णव' लिहायला घेतला तो सव्वा लाख ओव्यांचा झाला. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, असं गावात सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी 'पंचीकरण' चक्क कापडावर लिहिलं. ती पासोडी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद आहे. म्हणजे एकच फाइल, एकाच पडद्यावर, आणि वाचायची तर वाचणाऱ्यानं चालत जायचं. या दोघांपैकी आपला पंथ कोणता, याचा मी बरेच महिने विचार केला. स्वभावानं मी दासोपंत आहे. लिहायला बसलो की मलाही कापड पुरत नाही. पण जग बघता महानुभाव होणं भाग पडलं.

आणि तसा मी आपोआप झालोही. माझ्या जुन्या कविता युनिकोडच्या आधीच्या काळातल्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि टक्के यांची खिचडी दिसते. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही. म्हणजे कोऱ्या नावाच्या, न दिसणाऱ्या, पासवर्डच्या आतल्या फोल्डरमध्ये माझी सकळ लिपी. आता एका राजवाड्यांचीच कमतरता.

राजवाडे काही येईनात. खरी चीड इथं आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. एवढी कुलपं लावली, पण एकदाही कुणी कडी वाजवली नाही. लपवणाऱ्याला निदान शोधणारा तरी हवा की नको? शेवटी मी फोल्डर बाहेर काढला, दिसेल असा केला, डेस्कटॉपच्या मधोमध ठेवला आणि नाव दिलं 'अत्यंत खाजगी'. दुसऱ्या दिवशी मुलानं तो ओढून कोपऱ्यात सारला. क्रिकेटच्या गेमचा आयकॉन झाकला जात होता म्हणे.

असं सगळं चालू असताना एका दुपारी आई मागं येऊन उभी राहिली. "काय करायलास रे?" म्हणाली. मी सांगितलं. तिनं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मला बी एक दे तसलं."

"तू काय ठेवणार त्यात?"

"ते तुला सांगितल्यावर कुलूप कशाला पाह्यजे?"

आई लग्न होऊन आली तेव्हा आमचा वाडा माळवदाचा होता आणि ढाळजेत आजोबा बसायचे. टपाल ढाळजेत यायचं. पाटोद्याहून तिच्या वडिलांचं कार्ड आलं की आजोबा ते मोठ्यानं वाचायचे, मग काका, मग कोण बसलं असेल तो, आणि सगळ्यांचं वाचून झाल्यावर कार्ड स्वयंपाकघरात जायचं. तोवर त्यातलं सगळं तिला भिंतीआडून ऐकू आलेलं असायचं. तिच्या नावाचं एकही पत्र तिनं पहिल्यांदा वाचलेलं नाही. उत्तरही धाकटा दीर लिहायचा, ती सांगायची. सगळ्यांच्या देखत सांगता येईल तेवढंच. ट्रंकेला कुलूप होतं, किल्ली सासूच्या जुडग्यात. तो जुडगा आईच्या कमरेला आला तेव्हा वाडा पडला होता आणि पुढच्या घरात कोठीच नव्हती. हे तिनं कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मीच कधी तसं ऐकलं नव्हतं.

तिचं खातं उघडायचं काम माझ्या मुलीनं अंगावर घेतलं. पासवर्ड मी विचारला नाही, मला गरजच नव्हती, माझ्याकडं 'कंटिन्यू' होतं. रोज दुपारी बैठकीचं दार लोटून आजी आणि नात आत बसायच्या. काय चाललंय ते कळेना. अत्यंत खाजगी साहित्याचा मालक असलेला मी, दाराबाहेर वर्तमानपत्राचं एकच पान उलटसुलट करत बसायचो. आत हसणं चालायचं. एकदा जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग परत हसणं.

गेल्या महिन्यात तो जुना फॉन्ट एका मित्राकडं सापडला. सोबत त्याचं सॉफ्टवेअर. माझ्या कविता पुन्हा मराठीत येणार म्हणून मी हात धुऊन बसलो, तर पडद्यावर चौकट आली : ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका. मी माझा टाकला. चालेना. मुलीला हाक मारली.

"पप्पा, तुम्ही आता स्टँडर्ड आहात," ती म्हणाली. "आजीला ॲडमिनिस्ट्रेटर केलंय. नाहीतर तुम्ही तिचं उघडलं असतं."

"पण त्याला माझा पासवर्ड लागतो!"

"तुम्ही एका बोटानं टाइप करता आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणता. आपल्या गल्लीला माहीत आहे तुमचा पासवर्ड."

सॉफ्टवेअर तसंच अडकून होतं. मी आईला हाक मारली. पदराला हात पुसत ती आली, चष्मा लावला, चौकट नीट वाचली.

"कशाला पाह्यजे?"

"कविता उघडायच्यात गं माझ्या."

"कोण वाचणार हाय?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढून बसली आणि एक बोट कीबोर्डवर धरून थांबली. "तिकडं तोंड कर."