टांगायची कुठे?

वाकडातले जागेचे भाव ऐकून पाहुणे चहाला न थांबता उठतात, हे खरं. तरीही सीओटू वेल्डिंगच्या गनला बेंचपाशी वीतभर जागा मिळू नये, याचं खापर बिल्डरांवर फोडता येणार नाही. भूमकर चौकाच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. सोसायट्यांची गेटं, बाल्कन्यांची ग्रिलं, जिन्यांचे कठडे सगळं इथून जातं. वेल्डिंगचा एक टाका झाला की दुसऱ्यापर्यंत गन ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पूर्वी रॉडचं वेल्डिंग होतं. मशीन चालू असेपर्यंत होल्डर कायम जिवंत, म्हणून सगळे त्याला बिचकून असत. तो लाकडाच्या ठोकळ्यावरच जायचा. गन मात्र बटण दाबेपर्यंत गरीब गाय. इथेच घात होतो. बटण दाबलं की एकदम गॅस सुटतो, वायर पुढे सरकते आणि तिच्यात करंट येतो. आता टेबल लोखंडाचं, अर्थिंगचा चिमटाही त्यालाच. तिथे आडव्या टाकलेल्या गनच्या बटणावर हातोडी पडली, कोपर टेकलं किंवा जेवणाचा डबा बसला, की गन स्वतःच्या मर्जीने टाका मारते. ज्याने काच खाली घेतलेली नसते, त्याच्या डोळ्यांत रात्री वाळू भरल्यासारखं होतं. मग बटाट्याच्या चकत्या. आमच्या धंद्यात बटाटा हे औषध मानतात, डॉक्टर काहीही म्हणोत.

टेबल नको म्हटलं की आमचे वेल्डर मास्तर गन जमिनीवर सोडतात. तिच्या केबलवरून ट्रॉली जाते, आतली लायनर दुमडते, वायर अडखळते आणि मास्तर मशीन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. जमीन नको, तर खांदा. तापलेल्या नोझलने मास्तरांच्या शर्टाला जे भोक पाडलंय, त्यावर वहिनींचं मत मी इथे देत नाही. सगळ्यांत भारी जागा हेल्परने शोधली: गॅसच्या सिलिंडरची मान. आत कोंडलेला गॅस, बाहेर लटकलेली गन. तिथे चुकून आर्क लागला, तर डोळ्यांवर ठेवलेल्या चकत्या काढायलाही कुणी उरणार नाही.

चाकणच्या एका कंपनीत मात्र मी पाहिलं, रोबो टाका संपला की मुकाट्याने ठरलेल्या जागी परत जातो. तिला होम म्हणतात. मध्येच नोझलला चिकटलेला स्पॅटर साफ करून घ्यायचीही त्याची वेगळी जागा. कामाला लागल्या दिवसापासून त्याला घर आहे, तेही हप्त्याशिवाय. बाजूला फाइव्ह एसचा, म्हणजे नीटनेटकेपणाच्या शिस्तीचा बोर्ड, त्यावर प्रत्येक पान्याची सावली रंगवलेली. ऑडिटरला ती सावली फार आवडली. पाने कुठे होते, हे त्याने विचारलं नाही.

तसं या भागाला टांगण्याचं वावडं नाही. चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड येतं, त्यावर पाठीला गळ टोचून गळकरी चढतो. माणसासाठी गळ आहे आणि गनसाठी हूक नाही, हे काही मला पटेना. शेवटी सळईचा हूक वाकवून घेतला. बेंचच्या पायाला लाकडाची पट्टी बोल्टने बसवली आणि हूक बोल्टला न टेकवता फक्त त्या लाकडात बसवला, म्हणजे अर्थिंगशी संबंध नको. वर जुन्या रबरी पाइपचं टोपण. गन मानेने टांगायची, नोझल खाली, बटण मोकळं, केबलला तीव्र वळण नाही. हात लांबवला की सापडेल इतकी जवळ, कारण दोन पावलं चालावं लागलं तर मास्तर ती टेबलावरच टाकणार.

दुसऱ्या दिवशी हुकाला मास्तरांचा रेनकोट होता. तो काढला तर डब्याची पिशवी आली. पिशवी हलवली तर कालनिर्णय.

मग खंडेनवमी आली. मेन स्विच बंद, गन पुसून पाटावर, हळदकुंकू, झेंडूची माळ. वर्षातला हा एकच दिवस गन पूर्ण सुरक्षित असते. पूजा आटोपल्यावर माळ कुठे ठेवायची, तर समोर हूक रिकामा होता. आता पूजेच्या माळेला हात कोण लावणार? मुळा नदीत टाकायची नाही, महापालिकेच्या निर्माल्य कलशापर्यंत जायला कुणाला वेळ नाही.

काल मास्तरांना म्हटलं, "अहो, ती माळ काढा आणि गन टांगा."

मास्तर म्हणाले, "काढतो की. तोवर दोन किलो बटाटे मागवून ठेवा."