खिडकीजवळची शेवटची जागा

आधी बूट दिसतात. मग इस्त्रीची पँट, मग मुद्दाम सैल सोडलेला टाय, मग ब्लेझरवरची नावाची पट्टी आणि आपला चहा निवून गेल्यावर चेहरा. तोवर वर्गातल्या मुलींचे हात तोंडावर गेलेले असतात आणि त्याचे केस मंद गतीने उडत असतात. वर्गाच्या खिडक्या बंद असतात. वारा तो घरून आणतो.

कोरियन शाळेच्या विनोदी मालिकेत असा अवतरणारा हा गृहस्थ मुळात नट नव्हे. एखाद्या पॉप गटातला तो सहावा किंवा सातवा. या गटांत खातेवाटप चोख असतं. एकाकडे मुख्य गायन, एकाकडे रॅप, एकाकडे नाच आणि एकाकडे 'व्हिज्युअल', म्हणजे दिसणे. यात थट्टा नाही, रीतसर पद आहे ते. गाण्यात त्याच्या वाट्याला दीड ओळ येते. पण ती म्हणताना तो असा काही बघतो, की उरलेली अडीच मिनिटं कुणाला आठवत नाहीत. एवढ्या भांडवलावर कंपनी त्याचं नाव शाळेत घालते. वय बावीस, इयत्ता अकरावी.

अशा अभिनय करणाऱ्या आयडॉलला कोरियनमध्ये 'यॉन्गीदोल' म्हणतात. 'यॉन्गी' म्हणजे अभिनय, 'दोल' म्हणजे आयडॉलची शेपटी. तो जो अभिनय करतो त्यालाही पुष्कळदा वेगळा शब्द वापरावा लागतो : 'बाल-यॉन्गी'. आपल्याला वाटावं, बालनाट्यातला अभिनय. पण त्यांच्याकडे 'बाल' म्हणजे पाय. पायाने केलेला अभिनय! आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. याचे पहिल्या भागात दिसतात.

भाव मोजून तीन. खिडकीबाहेर बघितलं, की आई लहानपणीच गेली आहे असं समजायचं. त्यासाठीच वर्गातली खिडकीजवळची शेवटची जागा त्याच्यासाठी राखीव असते. जबडा आवळला, की राग किंवा प्रेम. नक्की काय ते पार्श्वसंगीत सांगतं. आणि दोन्ही कमी पडलं, की नायिकेचं मनगट धरून तिला गच्चीवर न्यायचं. रडता येत नसलं तर पाऊस असतोच. घसरून पडायला सांगा, मात्र याचा हात धरणारा कुणी नाही. इतकी वर्षं नाच घोटल्यामुळे तो केळीच्या सालीवरूनसुद्धा आठच्या ठेक्यावर पडतो.

या जमातीचं संमेलनच बघायचं असेल, तर २०११ साली केबीएसवर आलेली 'ड्रीम हाय' बघावी. टूपीएम गटाचे दोघे, मिस ए गटाची सुझी, टी-आरा गटाची उन-जंग, आययू, सगळे एकाच कलाशाळेत. आययूसारखी गायिका सुशीचा पोशाख घालून गाते आणि पुढे प्रेमापायी किलोकिलोने वजन उतरवते. टूपीएम आणि सुझी तेव्हा ज्याच्या कंपनीचे, तो पार्क जिन-यंग स्वतःच तिथे इंग्रजीचा मास्तर. मालकच मास्तर झाल्यावर दांडी मारायची तरी कशी? सोळा भागांत उठून दिसला तो मात्र किम सू-ह्यॉन, जो आयडॉल नव्हताच. हुशार मुलगा नेहमी दुसऱ्या तुकडीतून येतो.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका वाहिनीवरच्या मालिकेत एक मुलगी केस कापून थेट मुलांच्या शाळेत शिरली, कारण तिथे शायनी गटातला मिन्हो उंच उडी मारत होता. मुलगी आहे हे शाळेला कळेना. अर्थात, ज्या शाळेत मुलांच्या ओठांना लाली असते तिथे कळणार कसं?

या शाळांत शिकवणं सोडून सगळं चालतं. गच्चीला कुलूप नसतं आणि वार्षिक महोत्सवाची तालीम बारमाही असते. खऱ्या कोरियात नोव्हेंबरातल्या 'सुनुंग' या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू झाला, की विमानांनाही उड्डाणाची मनाई. मुलं रात्री दहापर्यंत क्लासात घासत असतात. अशा घासून आलेल्या पोरांनी घरी येऊन आणखी खरी शाळा बघावी, ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. फळ्यावरचं गणित पहिल्या भागापासून सोळाव्यापर्यंत तसंच, हाच तर त्यांचा विसावा.

आमच्या नायकाला विसावा नाही. आठवड्याला तासातासाचे दोन भाग पडद्यावर जाणार. पूर्वी तर संवादांची सुटी पानं ज्या त्या दिवशी गरमगरम हातात पडत. पहाटे चारला प्रेमभंग, सातला गाण्याच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम, मधला वेळ गाडीत तोंड उघडं टाकून झोप. या झोपेचा एखादा फोटो फुटलाच, तर सबंध मालिकेतला सर्वांत नैसर्गिक अभिनय तोच.

चाहत्यांची माया मात्र पातळ होत नाही. चित्रीकरणाच्या जागी त्याचा चेहरा रंगवलेली कॉफीची गाडी उभी राहते. स्पॉटबॉयपासून दिग्दर्शकापर्यंत सगळे त्याचा चेहरा छापलेल्या पेल्यातून कॉफी पितात आणि त्या दिवशी कुणी त्याच्यावर ओरडत नाही. पत्रकार परिषदेला फुलांबरोबर तांदळाची पोती येतात, आणि हा तांदूळ पुढे गरजूंना जातो. त्याच्या अभिनयाने कुणाचं पोट दुखत असेल, कुणाचं भरतंही.

मग येतो शेवटचा भाग, निरोपाचा. कोरियात शाळा संपली, की घरचे पुष्पगुच्छ घेऊन येतात आणि सगळे मिळून 'च्याजांगम्यॉन' खातात : काळ्या सॉसमध्ये माखलेल्या नूडल्स. तेराव्या वर्षी हा कंपनीत उमेदवारीला लागला. वर्गातले सोबती सहलीला गेले तेव्हा तो तळघरातल्या आरशासमोर होता, आणि नूडल्स वजनकाट्याच्या कायद्याने वर्ज्य होत्या. त्याच्या स्वतःच्या निरोपाच्या दिवशीही तो तिथेच होता.

प्रसंग सोपा असतो. एक घास, मित्राकडे बघून हसणे, संपलं. दिग्दर्शक 'कट' म्हणतो. नायिका उठते, दिवे विझायला लागतात, मेकअपवाली मुलगी हनुवटीवरचा काळा डाग पुसायला रुमाल घेऊन येते. हा मान खाली घालून खातोच आहे. ती दोन मिनिटं रुमाल धरून उभी राहते. मग व्यवस्थापक हळूच म्हणतो, "गाडी थांबलीय."

"वाडगा संपू दे," तो म्हणतो. अख्ख्या मालिकेत हे एकच वाक्य त्याला कुणी लिहून दिलेलं नसतं.