सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड

कल्याणपासून बदलापूरपर्यंत विकायला निघालेल्या जुन्या गाड्या दोनच प्रकारच्या माणसांनी वापरलेल्या असतात. एक डॉक्टर आणि दुसऱ्या बाईसाहेब. बाकीची प्रजा बहुधा लोकलला लटकूनच जन्म काढते. ‘सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड, शोरूम मेंटेन्ड, एमएच-05 पासिंग, चारी टायर नवे, एक रुपयाचं काम नाही.’ यातलं शेवटचं तेवढं खरं. जुन्या गाडीत एक रुपयाचं काम कधीच निघत नाही. साडेतीन हजारांच्या खाली मिस्त्री बोनेटच उघडत नाही.

डॉक्टरच का, हे कोडं आहे. वकिलाने वापरलेली गाडी विकायला आल्याचं ऐकिवात नाही. पोलिसाची असेल तर एजंट तो विषय हळूच टाळतो. डॉक्टर माणूस शिस्तीचा, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करणारा, अशी आपली भाबडी समजूत. प्रत्यक्षात तो बिचारा घरापासून दवाखान्यापर्यंत दीड किलोमीटर जातो आणि रात्री तेवढाच परत येतो. इंजिन धड तापायच्या आत किल्ली काढतो. अशा तुटक चालण्याने आत कार्बन धरतो, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो, बॅटरी कधी पुरती चार्ज होत नाही. गाडीच्या प्रकृतीसाठी डॉक्टरपेक्षा त्यांना भेटायला रोज नाशिकहून येणारा औषध कंपनीचा एमआर केव्हाही बरा. पण ‘एमआर यूज्ड’ अशी जाहिरात केली तर गिऱ्हाईक फिरकायचं नाही. बाईसाहेबांच्या गाडीला ‘फक्त मुलांना शाळेत सोडायला’ असं शेपूट असतं. टायरची झीज बघता शाळा पाचगणीला असावी.

तरीही आमचं स्पष्ट मत असं, की शहाडला राहून नवी गाडी घेणारा माणूस शूर असेल, शहाणा नाही.

कारण बघा. शहाडच्या माणसाला कामावर न्यायला कसारा लाइन आहे. गाडीची कामं वर्षाकाठी चार. सासरची मंडळी आली की बिर्ला मंदिर, अंगारकीला टिटवाळा, मुरबाडकडचं एखादं लग्न आणि मे महिन्यात गाव. उरलेले दिवस ती इमारतीखाली उभी राहते. टपावर मांजर, बोनेटवर पोरांची दप्तरं, मागच्या चाकाला स्टंप. या कामगिरीसाठी कोणी सहा लाखांचं कर्ज काढत असेल तर त्याच्या घरच्यांनी बोलायला हवं.

दुसरं कारण रस्ता. आमच्याकडे एक महापालिका संपते आणि लगेच दुसरी सुरू होते. हद्दीवरचा खड्डा नेमका कोणाचा, हे ठरेपर्यंत त्याला शेजारी एक भाऊ होतो. त्यात पावसाळा. मुरबाड रस्त्याला एक जुलै काढला की नव्या गाडीचे सस्पेन्शनचे बुश आणि माझ्या मित्राच्या पंधरा वर्षांच्या गाडीचे बुश एकाच सुरात बोलायला लागतात. म्हणजे कोणतीही गाडी आणा, ती पुढच्या गणपतीपर्यंत जुनी होणारच. मग ती जुनी करण्याचा खर्च दुसऱ्याने आधीच केलेला असताना आपण तो पुन्हा का करायचा?

शिवाय जुन्या गाडीला रस्त्यात जो मान आहे तो नव्या गाडीला नाही. कल्याण स्टेशनाबाहेर रिक्षावाले समोरच्या गाडीचं मॉडेल बघत नाहीत, पत्रा बघतात. चकचकीत पत्रा दिसला की रिक्षा खुशाल आडवी घालतात, कारण पलीकडचा ब्रेक मारणार याची त्यांना खात्री असते. दोन्ही दारं चेपलेली, पुढचा बंपर नायलॉनच्या दोरीने बांधलेला, अशी गाडी आली की तेच रिक्षावाले अंग चोरून बाजूला होतात. या माणसाचं जायचं होतं ते गेलेलं आहे, हे त्यांना लांबूनच कळतं.

जुन्या गाडीला आज लोक नाकं मुरडतात, पण तिचे दिवस पाहिलेले लोक अजून हयात आहेत. परमिट राजमध्ये नवी गाडी पैसे भरून मिळत नसे, नंबर लागून मिळे, आणि नंबर लागायला वर्षं जात. त्यामुळे वापरलेली फियाट नव्या फियाटच्या सरकारमान्य किमतीपेक्षा महाग विकली जायची. वर ‘ऑन’ द्यावा लागे तो वेगळा. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली, त्यानंतरही सुरुवातीची काही वर्षं तोच खेळ चालला. घरात जुनी गाडी असणं म्हणजे त्या काळी शेअर बाजारात असणं होतं. आता गाडी गेटबाहेर काढली की किंमत उतरते, आणि जुन्या गाडीची तर गेटच्या आत उभ्याउभ्या उतरते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आमच्या तालुक्याचं योगदान थोडं नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो 309 नावाची फ्रेंच गाडी बनत असे. दोन-तीन वर्षं बनली, मग कामगारांचे वाद, पैशांची ओढाताण, आणि सगळं थंड. आता त्या परिसरात टॉवर उभे आहेत आणि ‘प्रीमियर ग्राउंड’ हे नाव राजकीय सभांपुरतं उरलंय. त्याच कंपनीच्या पद्मिनीने मात्र मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत दम धरला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला 2003 मध्ये नोंदली गेली होती, टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं, म्हणून सेवानिवृत्ती. नाही तर ती अजून दहा वर्षं सहज चालली असती, असं आमचे मिस्त्री म्हणतात. ते हे सगळ्याच गाड्यांबद्दल म्हणतात, हा भाग वेगळा.

या मिस्त्रींना गाडी दाखवायला नेणं हा सोहळा असतो. मागच्या महिन्यात शेजारचे भाऊ 2012 ची वॅगन आर बघायला निघाले, आम्ही सोबत. एजंटने गाडी सकाळीच धुऊन, डॅशबोर्डला पॉलिश मारून, आत मोगऱ्याचा वास सोडून ठेवली होती. मीटर 38 हजार. भाऊंनी दार उघडमीट केलं, टायरला लाथ मारली. टायरला लाथ मारून काय कळतं हे आजवर एकाही मराठी माणसाने सांगितलेलं नाही, पण मारल्याशिवाय कोणी गाडी घेतलेली नाही. मिस्त्रींनी यातलं काही केलं नाही. ते खाली वाकले आणि क्लचच्या पेडलचं रबर बोटाने चाचपलं. रबर गुळगुळीत, कडेला फाटून खालचं लोखंड दिसत होतं. “अडतीस हजारात?” एवढंच म्हणाले. एजंट म्हणाला, मॅडम हील घालायच्या.

मग त्यांनी ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिले. आपण ओढतो तेवढा नव्हे, पार शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळा कुळकुळीत, आणि शेवटच्या हातभर लांबीवर मातकट रेघ. पुराच्या पाण्याची. एजंट कार्पेट बदलतो, सीट कव्हर बदलतो, डोअर पॅड ड्रायरने वाळवतो, पण बेल्ट पुरता ओढून धुवायचं त्याच्या लक्षात येत नाही. उल्हास नदीच्या काठाने राहणाऱ्यांना 26 जुलै 2005 सांगावा लागत नाही, 2019 चा जुलै तर ताजाच आहे. त्या-त्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या कुठे जातात, याचं उत्तर त्या पट्ट्यावर होतं. एजंट क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “साहेब, वॉशिंग जरा जास्त झालं.”

भाऊंनी गाडी घेतली नाही असं तुम्हाला वाटलं असेल. त्यांनी पंधरा हजार कमी करून घेतली. वर बायकोला सांगितलं की गाडी एकदा पुरातून निघाली आहे, आता तिला पाण्याची भीती नाही.

इथून पुढे जुनी गाडी चालवायची म्हणजे काय ते सुरू होतं. नव्या गाडीचा हप्ता बँक घेते, जुन्या गाडीचा गॅरेज. बँकेचा हप्ता कधीतरी संपतो. मिस्त्रींचा हिशेब तोंडी असतो आणि त्यात ‘आता खोललंच आहे तर’ नावाचं कलम असतं. क्लच प्लेटसाठी खोललंच आहे तर ऑइल सील टाकून घेऊ, सीलसाठी खोललंच आहे तर माउंटिंग बदलू. पार्ट कंपनीचा की लोकल, असा प्रश्न येतो तेव्हा तिसरा पर्याय डोळे मिचकावून सांगितला जातो. तो म्हणजे कुर्ला. भंगारातल्या कुठल्या तरी गाडीचा काढलेला, पण ‘ओरिजिनल’. वर्षभरात भाऊंच्या गाडीत इतक्या गाड्यांचे अवयव येतील, की तिला सिंगल ओनर म्हणताना एजंटचीही जीभ अडखळेल.

मग सीएनजी. पेट्रोल परवडत नाही म्हणून किट बसवायचं, किट बसवलं की डिकीत सिलिंडर, सिलिंडर आला की गावी जाताना सामान मांडीवर, आणि दर तीन वर्षांनी त्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट. तो खर्च टाळायचा तर पेट्रोल. ते तरी कुठे पेट्रोल राहिलंय? आता त्यात 20 टक्के इथेनॉल. 2012 च्या गाडीची रबरी नळी असल्या पाहुण्यासाठी बनवलेली नव्हती. अ‍ॅव्हरेज थोडंसंच कमी होतं, असं केंद्र सरकार सांगतं. भाऊंना पश्चिम महाराष्ट्राच्या अर्थकारणात आपला हातभार लागतोय एवढं समाधान पुरतं. घरात साखर बंद, टाकीत ऊस.

सरकारचं जुन्या गाडीवर बारीक लक्ष असतं. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की रिपासिंग. त्याची फी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022 पासून ती 5 हजार झाली, आणि 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारींसाठी 10 हजार. पर्यावरण कर वेगळा. गाडी जसजशी स्वस्त होत जाते तसतशी तिची फी वाढत जाते. शेवटी एक दिवस दोन्ही आकडे समोरासमोर येतात आणि मालक कोणाला वाट द्यायची ते ठरवतो. मग ती नंबरप्लेट. एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक गाडीला एचएसआरपी सक्तीची. मोटारीसाठी 745 रुपये अधिक जीएसटी. मुदत मार्च 2025 अखेरची होती. ती एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर अशी स्टेशनं घेत गेली. भाऊंच्या आधीच्या मालकाने पाटी मार्चमध्येच लावली होती. वेळ पाळणाऱ्या माणसाचं सरकार असं हसं करतं. ही पाटी एकदा बसली की तोडल्याशिवाय निघत नाही, हेतू हा की चोराने ती बदलू नये. भाऊंच्या गाडीत निघत नाही अशी एवढी एकच वस्तू आहे.

जैसलमेरला 21 डिसेंबर 2024 रोजी जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवरचा कर 18 टक्के केला, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हलकल्लोळ झाला होता. गाडी विकून तोटा झाला तरी वर कर भरायचा, असा मेसेज फिरला. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याने, तोही खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरायचा होता. आपसांत गाडी देणाऱ्याघेणाऱ्याला तो लागूच नव्हता. पण हे समजावणारा मेसेज कोणी वाचला नाही, तो लांब होता. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या नव्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, आणि जाहीर झाला त्याच दिवसापासून एजंट मंडळी जुन्या गाडीचे भाव पाडून मागायला लागली. मालकाने काही केलं नव्हतं, गाडीनेही नाही.

विकायची वेळ आली की मात्र एक कागद विसरू नये. राज्यातल्या राज्यात गाडी दिली तरी विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव आरसी बुकात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते एका अपघाताच्या खटल्यात पुन्हा बजावलं. पण आपल्याकडे फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ते कोरे ठेवायची पद्धत आहे. एजंट म्हणतो, “पार्टी लागली की ट्रान्सफर करून टाकू.” पार्टी लागते, तिच्यापुढे दुसरी लागते, आणि फॉर्म तसाच हातोहात फिरत राहतो.

आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी अशीच आपली जुनी अल्टो दिली. ती गाडी त्यांच्याकडे होती तोवर तिसऱ्या गिअरच्या वर गेल्याचा पुरावा नाही. टिटवाळ्याच्या चढाला काकू उतरून चालत. परवा काकांच्या मोबाइलवर ई-चलन आलं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, ताशी 100 ची मर्यादा ओलांडली. सोबत कॅमेऱ्यातला फोटो, नंबर तोच. काका आधी आरटीओला जाऊन तक्रार करणार होते. आता त्यांनी त्या फोटोची प्रिंट काढून घेतली आहे आणि येईल त्याला दाखवतात.