जुन्या डब्यात नवा प्रोसेसर

जुन्या कॉम्प्युटरला वेगवान प्रोसेसर बसवण्याची हौस असलेल्या माणसावर घरात दोन आरोप ठरलेले असतात. पैसे वाया घालवतोस हा पहिला आणि वेळ वाया घालवतोस हा दुसरा. पहिला तो तावातावाने फेटाळतो, दुसरा निमूट ऐकून घेतो आणि ऐकता ऐकताच स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठतो. माझं म्हणणं असं की इथे फिर्यादी आणि आरोपी दोघंही चुकताहेत. हा सगळा खटाटोप कॉम्प्युटर वेगवान व्हावा म्हणून चाललाय, असं दोघांनीही धरून ठेवलेलं असतं. वास्तविक कॉम्प्युटर वेगवान होतो तो बेताचाच. शहाणा होतो तो माणूस, आणि तेवढ्या शहाणपणासाठी जुन्या बाजारातल्या प्रोसेसरची किंमत अगदीच किरकोळ आहे.

आमचं घोटावडे हे या हौसेला फार सोयीचं गाव आहे. एका अंगाला मुळशीची भातखाचरं, दुसऱ्या अंगाने माणवरून पुढे गेलं की हिंजवडीचं आयटी पार्क. त्यामुळे इथल्या घरात दोन कॉम्प्युटर असण्याचा योग बराच. एक कंपनीचा लॅपटॉप. तो पातळ, चकचकीत, आणि त्याचा वॉलपेपर बदलायचा तरी कंपनीच्या आयटीवाल्यांची परवानगी लागते. दुसरा कोपऱ्यातल्या टेबलाखालचा असेम्बल्ड पीसी. हा कुणाच्या तरी बारावीच्या वर्षी ‘अभ्यासासाठी’ घेतलेला असतो आणि त्याच्या कडेचं झाकण कायमचं उघडं असतं, कारण दर वेळी चार स्क्रू कोण लावत बसणार? पहिला वेगवान आहे पण आपला नाही, दुसरा आपला आहे पण वेगवान नाही. ज्याला यंत्राला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्यापुढे एकच यंत्र उरतं.

या डब्यात बहुधा इंटेलचं ७७५ सॉकेट निघतं. २००४ साली आलेल्या या सॉकेटमध्ये पेन्टियम ४ पासून कोअर टू क्वाडपर्यंतच्या पिढ्या मावल्या. त्यामुळे ज्या बोर्डावर दुकानदाराने सेलेरॉन बसवून दिला होता, त्यावर २००७ साली आलेला चार कोअरचा क्यू ६६०० बसू शकतो, ही बातमी हौशी माणसाला कधी ना कधी लागतेच. पण बसतो म्हणजे चालतोच असं नाही. सॉकेट तेच असलं तरी जुन्या चिपसेटचे बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाहीत, आणि ओळखणाऱ्यांनाही आधी बायॉस अपडेट करून द्यावा लागतो. तो करायचा जुना प्रोसेसर जागेवर असताना. म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याची सगळी व्यवस्था स्वतः लावून द्यायची आणि मग गुपचूप डबीत जाऊन पडायचं. त्यानंतर खटका उचलायचा, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवायचा आणि खटका दाबताना जो ‘कर्रर्र’ आवाज येतो तो नेहमीचाच आहे, यावर श्रद्धा ठेवायची. मग कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबाव्या लागतात. तीन बसतात. चौथी बसली की पहिली वर आलेली असते.

पण खरा पेच पेस्टचा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट किती लावायची, याचं जगन्मान्य माप आहे तांदळाच्या दाण्याएवढी. हे माप ज्याने ठरवलं त्याने मुळशी तालुका पाहिलेला नसावा. इथे पहिला प्रश्न येतो, तांदूळ कुठला? आंबेमोहोराचा दाणा धरावा तर पेस्ट पुरेल की नाही ही धाकधूक, बासमतीचा धरावा तर ती कडेने ओघळायची भीती, आणि इंद्रायणी धरावी तर ती सगळं चिकट करून ठेवणार हा जन्माचा अनुभव. शेवटी ‘असू दे थोडी जास्तच’ या वाढप्याच्या न्यायाने काम उरकतं. यातून निघणारं ज्ञान मात्र खरं आहे. पेस्ट थंडावा देत नाही, ती दोन धातूंच्या मधली हवा हटवते. तिचं काम फटी भरण्यापुरतं, म्हणूनच ती थोडी पुरते.

या खटाटोपाला परंपराही आहे आणि ती वाचली की विकणाऱ्यांचं एक गुपित उघडं पडतं. १९९१ साली इंटेलने ४८६ एसएक्स नावाचा प्रोसेसर काढला. त्यातला दशांश-अपूर्णांकांचं गणित करणारा भाग बंद ठेवलेला होता. गणित हवं असेल तर ४८७ एसएक्स विकत घ्या आणि शेजारच्या सॉकेटात बसवा, अशी सोय होती. हा ४८७ म्हणजे एक पिन जास्त असलेला सबंध ४८६च होता. तो बसला की आधीच्याला गप्प करून सगळं काम एकटा करायचा. गिऱ्हाईक समजायचं आपण मदतनीस आणला, प्रत्यक्षात दुसऱ्यांदा मालक विकत घेतलेला असायचा. १९९८ साली सेलेरॉन ३०० ए आला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर पुष्कळ वेळा ४५० वर निवांत चाले. पुढे एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरवर कंपनीने लेझरने तोडलेल्या बारीक जोडण्या होत्या. त्या लोकांनी शिसपेन्सिलीने रेघ ओढून जोडल्या आणि वेगाचं कुलूप उघडलं. अब्जावधी डॉलरच्या धंद्याचा एक दरवाजा शाळेच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीने उघडत होता. आणखी पुढे सर्व्हरमधून निवृत्त झालेले झिऑन प्रोसेसर स्वस्तात मिळू लागले. त्यांचं सॉकेट ७७१ चं. तेव्हा सॉकेटमधले प्लास्टिकचे दोन उंचवटे तासून आणि प्रोसेसरच्या पोटावर दोन जोडण्यांची अदलाबदल करणारा नखाएवढा स्टिकर लावून लोकांनी ते ७७५ वर चालवले. या सगळ्याचा अर्थ असा की यंत्राची मर्यादा दर वेळी सिलिकॉनने घातलेली नसते, बऱ्याचदा ती किमतीच्या तक्त्याने घातलेली असते. हे भाषण ऐकून कळत नाही, झाकण उघडल्यावर कळतं.

आता मुख्य आक्षेप. ठीक आहे, ज्ञान झालं, पण वेगाचं काय? इथे १९६७ साली जीन अॅमडाल यांनी मांडलेला मुद्दा मदतीला येतो. एखाद्या कामाचा जेवढा भाग तुम्ही वेगवान केलात, तेवढ्यापुरताच फायदा होतो. समजा एखादा प्रोग्रॅम उघडायला १०० सेकंद लागतात आणि त्यातले ४० प्रोसेसरचे आहेत. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला तर ४० चे २० होतील, एकूण ८०. आणि स्वर्गातून अनंत वेगाचा प्रोसेसर आणला तरी ६० च्या खाली उतरता येणार नाही. घोटावड्याहून रोज सकाळी हिंजवडीला जाणाऱ्याला हे सूत्र शिकवावं लागत नाही. त्याने स्कूटर विकून भारी मोटरसायकल घेतली तर मोकळ्या रस्त्यावरची मिनिटं वाचतात, पुढच्या रांगेत मात्र तो त्याच टँकरच्या मागे उभा असतो, फक्त हप्ता वाढलेला असतो.

कॉम्प्युटरमधला हा टँकर म्हणजे हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. माणसाला हा वेळ जाणवतही नाही. पण २.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात सुमारे एक कोटी ठोके पडून जातात. त्याजागी ३ गिगाहर्ट्झचा आणला तर त्याच अर्ध्या फेऱ्यात सव्वा कोटी ठोके वाया जातील. म्हणजे खर्च करून आपण जास्त वेगाने वाट पाहणारा प्रोसेसर आणला. सुपरकॉम्प्युटरवाल्यांनाही हाच पेच सोडवावा लागला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, तो कुठल्याही एका महाबली प्रोसेसरवर नाही. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. अशा यंत्रात प्रत्येकजण किती जोरात धावतो याच्याइतकाच, कोण कुणासाठी किती खोळंबतो हा प्रश्न मोठा असतो. टेबलाखालच्या डब्यात तोच प्रश्न लहान मापात असतो.

यावर दुकानातला पोरगा म्हणतो, “काका, प्रोसेसर राहू द्या, एसएसडी टाका.” पोरगं शंभर टक्के बरोबर आहे. पण हे बरोबर आहे हे काकांना कधी पटतं? नवा प्रोसेसर बसवून, टास्क मॅनेजर उघडून, प्रोसेसरचा आकडा १२ टक्के आणि डिस्कचा आकडा १०० टक्के पाहिल्यावर. सल्ला फुकट मिळाला होता, खात्री विकत घ्यावी लागली. दुकानदाराचं ऐकून एसएसडी टाकणाऱ्याचा कॉम्प्युटर वेगवान होईल, पण का झाला हे त्याला कळणार नाही, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी दुसरं काही टाकायला सांगितलं तर तो तेही टाकेल.

दुसरा आक्षेप विजेचा. हाही खरा आहे. क्यू ६६०० च्या सुरुवातीच्या आवृत्तीचा उष्णतेचा आकडाच १०५ वॉट, तेवढ्यात एखाद-दोन लॅपटॉप सबंध चालतात. पण मुळशीकरांना विजेच्या काटकसरीचे धडे देताना जरा जपून. इथल्या धरणासाठी जमिनी गेल्या, १९२१ साली सेनापती बापटांच्या काळात सत्याग्रह झाला, आणि धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं, त्याची वीज मुंबईला. ज्या तालुक्याने शतकभर दुसऱ्याचे दिवे लावले, तिथल्या एका हौशी माणसाने रविवारी दोन तास १०५ वॉट जाळले तर ते मागच्या बाकीतून वळते करून घ्यावेत. तसंही पहिल्या पावसात लाइट जाते आणि यूपीएस टीं टीं करून हिशेब मिटवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी, की सरळ नवीन घे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात, आणि तिच्या २४एच२ आवृत्तीला ज्या सूचना प्रोसेसरमध्ये हव्यात त्या कोअर टू क्वाडमध्ये मुळातच नाहीत. तिथे पेन्सिलही चालत नाही. हे सगळं मान्य. पण ‘नवीन घे’ या सल्ल्यात एक गृहीतक दडलेलं आहे की जुनं यंत्र आपोआप हळू होतं. यंत्र हळू होत नाही. १०५ वॉटचा प्रोसेसर आजही पहिल्या दिवशीइतकेच ठोके देतो. जड होतं ते सॉफ्टवेअर. हार्डवेअर वेगवान होण्यापेक्षा सॉफ्टवेअर जास्त वेगाने मंदावतं, हे निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे घोटावड्यातला डबा ज्या सॉफ्टवेअरमुळे धापा टाकतो, त्यातलं थोडंफार माणच्या पलीकडे, वातानुकूलित इमारतीत, ताज्या लॅपटॉपवर लिहिलं जात असणार. ते लिहिणारा संध्याकाळी घरी येऊन म्हणतो, बाबा, तुमचा पीसी फार स्लो झालाय. त्याच डब्यावर हलकी लिनक्स टाकली तर पत्र लिहिणं, सातबारा छापणं आणि जमाखर्च मांडणं सहज जमतं, आणि जुन्या श्रीलिपीतल्या लग्नपत्रिकांच्या फाइली उघडायला तर नेट तोडून ठेवलेली जुनी विंडोजच लागते.

वेग म्हणजेच प्रगती मानणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या पीसीवर टर्बो नावाचं बटण असे. ते होतं मुख्यतः यंत्र हळू करण्यासाठी, कारण जुने गेम नव्या वेगात खेळताच येत नसत. विर्थ यांच्याच पास्कल भाषेत काम करणाऱ्या टर्बो पास्कलमधले पुष्कळ प्रोग्रॅम तर पुढच्या प्रोसेसरवर उघडताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन मरायचे. सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजणारी जी आकडेमोड होती, ती इतक्या वेगासाठी केलेलीच नव्हती. यंत्र बिघडलं नव्हतं, ते अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं हाच गुन्हा झाला.

तेव्हा कुणी जुन्या डब्यात नवा प्रोसेसर घालताना दिसला, तर त्याला “किती फास्ट झाला?” असं विचारू नये. तो मोठा आकडा सांगेल आणि त्याच्या घरचे भुवया उंचावतील. विचारावं, “मग आता कशासाठी थांबतोय?” डिस्कसाठी, रॅमसाठी, नेटसाठी की विनाकारण आपोआप सुरू होणाऱ्या दहा प्रोग्रॅमसाठी, हे ज्याला सांगता आलं त्याचे पैसे वसूल झाले. ज्याला नाही आलं, त्याने नवा लॅपटॉप घेतला काय किंवा जुना डबा ठेवला काय, फरक फक्त किमतीत पडेल.