कोंडी टिकवावी कशी? नवख्या आमदारांसाठी त्र्यंबकी धडे

तिढा सुटला की कॅमेरे दुसऱ्याच्या दारात जातात. म्हणून नव्याने निवडून आलेल्यांनी तिढा सोडवण्याआधी तो टिकवायला शिकावं, आणि त्यासाठी विधान भवनाच्या आधी त्र्यंबकेश्वर गाठावं. दर्शनाची रांग लांब असते, अभ्यासाला वेळ मिळतो.

सुरुवात कुशावर्तापासून करा. ब्रह्मगिरीवरून उतरलेली गोदावरी सारखी गुप्त व्हायची, तेव्हा गौतम ऋषींनी दर्भ टाकून तिला अडवलं, अशी कथा आहे. म्हणजे नदी अडवायला धरणच लागतं असं नाही, गवताची काडी पुरते. या काडीला मंत्रालयात ‘स्थगिती’ म्हणतात. 18 जानेवारी 2025 ला पालकमंत्र्यांची यादी निघाली. नाशिक गिरीश महाजनांना, रायगड आदिती तटकरेंना. एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेला नाशिकला दादा भुसे आणि रायगडला भरत गोगावले हवे होते. दुसऱ्याच दिवशी दोन्ही नेमणुकांवर काडी पडली. आठवड्याने पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरली, पांगली, पुढे आषाढी झाली, गणपती येऊन गेले, काडी जागेवरच. नेमणूक रद्द केली असती तर एकाचा अपमान, कायम केली असती तर दुसऱ्याचा. स्थगितीत सगळ्यांची आशा शाबूत राहते.

आता दावा कसा लावायचा ते पाहा. नाशिक जिल्ह्यात आमदार 15. त्यांत 2024 ला अजित पवारांची राष्ट्रवादी 7, भाजप 5, शिवसेना 2. राष्ट्रवादीने जिल्ह्यातली संख्या मोजावी. छगन भुजबळ मंत्रिमंडळात परतले की आवाज आणखी चढवावा. भाजपने राज्यातली संख्या मोजावी आणि 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पालकमंत्री महाजनच होते, याची आठवण द्यावी. शिवसेनेने संख्येचं नावच काढू नये. भुसे आधीचे पालकमंत्री, एवढंच म्हणत राहावं. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या मापाने खरं असतं. माप एकच ठरलं तर तिढा सुटेल, सबब ते ठरू देऊ नये. (रांगेतून पुढे सरकत गाभाऱ्यापाशी आलात की दिसेल: एकाच खळग्यात ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तीन अंगठ्याएवढी लिंगं. जागा अपुरी, तरी तिघं नांदतात. पालकमंत्री कोण, हे तिथे कुणी विचारत नाही.)

खुर्ची रिकामी ठेवायची म्हणजे कामं अडवायची असं नव्हे. मान सुटे करावेत आणि एकेक वाटावेत. 2025 च्या स्वातंत्र्यदिनी नाशिकचं झेंडावंदन महाजनांच्या हातून झालं. झेंड्याला पालकमंत्री लागत नाही, आदेश लागतो. कुंभमेळ्यासाठी मंत्र्यांची समिती नेमली, अध्यक्ष महाजन, सदस्यांत भुसेही आणि भुजबळही. अशाने जिल्हा चालतो, फक्त विचारायचं कुणाला ते त्याला कळत नाही. त्र्यंबकच्या ज्या रहिवाशाच्या दारात रस्ता खणून ठेवलाय, त्याने तिघांनाही निवेदन द्यावं. तिघंही लक्ष घालतो म्हणतील.

एवढं झाल्यावर कुणीतरी विचारेलच, की तडजोड का नाही करत? त्र्यंबकला तडजोडीचा मोठा दाखला आहे. सिंहस्थात आधी स्नान कुणाचं, यावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी एकमेकांवर शस्त्र घेऊन धावले, माणसं मेली. अखेर पेशवाईत निवाडा झाला: शैवांनी कुशावर्तावर, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर. आजही दहा आखाडे इथे उतरतात आणि वैष्णवांचे तीन आखाडे, म्हणजे अनी, तीसेक किलोमीटरवर नाशिकला. निवाडा टिकला, कारण गोदावरी दोन्हीकडे आहे.

खुर्ची वाहत नाही, एवढीच विधिमंडळाची अडचण. तिथे रामकुंड सापडेना, म्हणून काडी. दर्भ कोणत्याही पक्षाच्या बांधावर उगवतो. महाविकास आघाडीच्या काळात नाना पटोलेंनी फेब्रुवारी 2021 मध्ये राजीनामा दिला आणि विधानसभा अध्यक्षाची खुर्ची जुलै 2022 पर्यंत रिकामी राहिली. त्याच सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये विधान परिषदेसाठी पाठवलेली 12 नावं राज्यपालांकडे पडून राहिली. वाजवी मुदतीत निर्णय घ्या, असं उच्च न्यायालय म्हणालं, तरी निर्णय आला नाही. शेवटी सरकार बदललं आणि नव्या सरकारने यादीच परत घेतली. 2024 नंतर विरोधी पक्षनेतेपदाची पाळी आली. त्यासाठी दहा टक्के आमदार हवेत म्हणतात, आणि 288 चा दहावा हिस्सा म्हणजे 29. ठाकरेंच्या शिवसेनेकडे 20, तोच विरोधातला सर्वांत मोठा पक्ष. त्यांनी भास्कर जाधवांचं नाव दिलं, अध्यक्षांचा विचार चालू राहिला. दहा टक्के हा नियम की प्रथा, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलावं, पण निकालापर्यंत नेऊ नये. ऑगस्ट 2025 मध्ये परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत संपली, आणि दोन्ही सभागृहं सारखीच मोकळी झाली.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गुरू सिंह राशीत जातो तो मंत्रिमंडळाला विचारून नव्हे, आणि 2 ऑगस्ट 2027 च्या पहिल्या अमृतस्नानावर स्थगिती मिळायची नाही. कुंडात आधी कोण उतरणार, हे आखाड्यांचं ठरलेलं असेल. घाटावर स्वागताला पुढे कोण उभं राहणार, हे मोकळं आहे. त्यावर आपला दावा आजच नोंदवून ठेवा.