आरोपी नष्ट, माल गहाळ, फाइल बंद

प्रति,
माननीय दलप्रमुख,
कॉन्कॉर्ड पोलीस दल,
न्यू ईडन.

विषय : आपल्या खात्याच्या तत्पर, अचूक आणि निरुपयोगी सेवेबद्दल आभार.

महोदय,

आपल्या हद्दीत नव्यानेच राहायला आलेला एक वैमानिक या नात्याने हे पत्र लिहीत आहे. आपल्या न्यू ईडन विश्वाला आमच्याकडे, म्हणजे पृथ्वीवर, ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा खेळ म्हणतात. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने ते मे २००३ मध्ये खुलं केलं आणि सात हजारांहून अधिक सूर्यमालांच्या त्या पसाऱ्यात, चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर, साऱ्या जगाला एकत्र कोंडलं. इतर ऑनलाइन खेळांत गर्दी वाढली की जगाच्या आणखी प्रती काढतात. इथे प्रत एकच. त्यामुळे ज्याने आज लुटलं तो उद्या त्याच बाजारात भेटतो, आणि आपल्याच मालाचा भाव सांगतो.

प्रथमदर्शनी मत विचाराल, तर मी लेसर आणि स्फोट बघायला आलो होतो. पडद्यावर जहाज ठिपक्याएवढं आणि उरलेल्या जागेत तक्ते : अंतर, वेग, दर, कर, दलाली. खेळाडू या खेळाला ‘अंतराळातली स्प्रेडशीट’ म्हणून चिडवत असत. कंपनीने ते मनावर घेतलं आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर एक्सेलची जोडणीच जाहीर केली. त्याआधी, २००७ मध्ये, इथल्या अर्थव्यवस्थेवर लक्ष ठेवायला चक्क एक अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला होता. कौशल्यं राक्षस मारून वाढत नाहीत, घड्याळाने वाढतात : रांगेत लावायची आणि झोपायला जायचं. वरच्या पायरीचं एखादं कौशल्य महिनाभरही घेतं. रोज जागतिक वेळेनुसार अकरा वाजता, म्हणजे भारतात दुपारी साडेचारला, अख्खं विश्व देखभालीसाठी बंद होतं. चहाच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष आहे.

आता आपल्या खात्याकडे वळतो.

इथे प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचे गुण असतात. ०.५ ते १.० म्हणजे हायसेक, आपली हद्द. त्याखाली लोसेक, तिथे आपण फिरकत नाही. शून्य किंवा त्याहून कमी म्हणजे नलसेक, तिथे आपलं नावही कोणी काढत नाही. नवशिक्याला सांगितलं जातं, हायसेकमध्ये राहा, व्हेंचर हे खाणकामाचं जहाज घेऊन व्हेल्डस्पार नावाचा दगड फोड, सुखाने दोन पैसे कमव. मी फोडत होतो. एकदा प्रवासाला निघालो, वाटेत उएदामा ही सूर्यमाला लागली. गुण ०.५, म्हणजे जेमतेम उत्तीर्ण.

तिथून पुढच्या सूर्यमालेत नेणाऱ्या दरवाजापाशी एक अवाढव्य मालवाहू जहाज चाललं होतं, जिताच्या बाजाराकडे. अचानक स्वस्तातल्या कॅटॅलिस्ट जहाजांचा थवा त्याच्यावर तुटून पडला. आपण आलात. खरंच आलात, आणि वेळेवर आलात : ०.५ गुणांच्या सूर्यमालेत आपल्याला वीसेक सेकंद लागतात, तेवढीच लागली. आपण एकूण एक कॅटॅलिस्ट फोडलं. एकही आरोपी निसटला नाही. फक्त तोवर मालवाहू जहाज उरलं नव्हतं. मग कडेला शांतपणे थांबलेलं आणखी एक जहाज पुढे आलं आणि अवशेषांत वाचलेला माल उचलून निघून गेलं. त्याला आपण हात लावला नाही, कारण अवशेषांतून दुसऱ्याचा माल उचलणारा आपल्या लेखी फक्त ‘संशयित’. इतर वैमानिकांनी त्याला मारलं तर आपली हरकत नाही; आपण स्वतः मात्र तसदी घेत नाही.

नंतर बाजारातल्या जाणत्यांनी हिशेब समजावला. हल्ला करण्याआधी टोळीचा माणूस मालाची किंमत काढतो. त्यातून स्वतःच्या बुडणाऱ्या कॅटॅलिस्टची किंमत वजा करतो. फोडलेल्या जहाजातला निम्मा माल नशिबाने जळतो, तोही वजा करतो. उरलं तर हल्ला. म्हणजे महोदय, त्यांच्या वहीत आपली कारवाई हा धोका नाही, खर्चाची एक ओळ आहे. जगात अनेक पोलीस खाती गुन्हेगारांना घाबरवू शकत नाहीत. पण गुन्हेगाराच्या ताळेबंदात इतक्या अचूकपणे बसणारं खातं मी प्रथमच पाहिलं.

आपल्या सेवेचा पूर्वेतिहासही मी वाचला आणि आदर दुणावला. २०११ च्या अखेरपर्यंत आपण फोडलेल्या हल्लेखोर जहाजाचा विमा हल्लेखोराला मिळत असे. लुटायला निघालेल्याचा खर्च विमा भरून देई. लुटला गेलेला मात्र स्वतःच्या मालाकडे बघत बसे, कारण विमा जहाजाचा, मालाचा नाही. ही योजना बंद झाल्याचं वाचून वाईट वाटलं. पण २०१३ पासून नवी सोय आली : नोंद खराब झालेल्या माणसाने ठरावीक बिल्ले आणि वर रोख रक्कम आपल्या कार्यालयात जमा केली की नोंद पुन्हा स्वच्छ होते. बाकीची खाती जे टेबलाखालून करतात ते आपण दरपत्रक लावून केलंत. पारदर्शकता याहून वेगळी काय असते?

२०१२ मध्ये तर आपल्याच हद्दीत एक टोळी निघाली. दगड फोडणाऱ्यांनी आमच्याकडून वर्षाचा परवाना घ्यावा, किंमत एक कोटी इस्क (इथलं चलन), नसेल तर जहाज फोडू, असा तिचा कायदा. जहाजं फोडणाऱ्या त्या टोळीवाल्यांना दर खेपेस आपण नष्ट केलंत, आणि ते दर खेपेस नवं जहाज घेऊन आले. त्याच वर्षी गूनस्वार्म या बड्या आघाडीने तारीख जाहीर करून ‘बर्न जिता’ साजरा केला : विश्वातली सर्वांत मोठी पेठ, येईल ते मालवाहू फोडायचं. आपण पूर्ण बंदोबस्तात हजर होता. बंदोबस्तात हजर राहणं आणि बंदोबस्त करणं यांतलं अंतर मला तिथे पहिल्यांदा नीट मोजता आलं.

एक नियम मात्र कडक आहे. इथे लूट चालते, फसवणूक चालते, जिताच्या गप्पांत ‘पैसे पाठवा, दुप्पट परत देतो’ असं दिवसभर ओरडलेलं चालतं. पण आपल्या हातून वाचण्याची युक्ती शोधणं चालत नाही. त्यावर खुद्द कंपनी कारवाई करते. गुन्हा करायला मुभा, शिक्षा चुकवायला मनाई.

महोदय, एवढं झाल्यावर मी आपली हद्द सोडून नलसेकच्या एका आघाडीत गेलो. तिथे पोलीस नाहीत, तेव्हा अराजक असेल असं वाटलं होतं. पाहतो तर कर गोळा करणारे, हिशेबनीस, वकिलाती, हेर, आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठका. शिवाय एक खातं असं, जे आपल्याकडे शोधूनही सापडलं नव्हतं : ताफ्यासोबत लढताना जहाज गेलं तर अर्ज करायचा आणि आघाडी नव्या जहाजाचे पैसे देते. माझ्या पहिल्या फुटलेल्या जहाजाची भरपाई मला कायद्याच्या राज्यात नव्हे, तर ज्यांना आपण बेकायदा म्हणता त्यांच्याकडून मिळाली.

त्यांचंही सगळं आलबेल नाही, हे नमूद करतो. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब या भाडोत्री मंडळाने एका कंपनीत वर्षभर माणसं पेरली, त्यांना वरच्या पदांवर चढवलं आणि एका दिवसात कोठारं धुऊन नेली. माल सुमारे साडेसोळा हजार डॉलरचा असल्याचं तेव्हा छापून आलं. त्या चोरीत आपल्या नियमाने गुन्हाच नव्हता, कारण चाव्या चोरांना मालकांनीच दिल्या होत्या. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या सूर्यमालेवरच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. त्यावरून एकवीस तास लढाई पेटली. साडेसात हजारांवर वैमानिक, ७५ टायटन जहाजं खाक, नुकसान पृथ्वीच्या हिशेबाने तीन लाख डॉलरच्या घरात. गर्दीने सर्व्हर कोलमडू नये म्हणून काळच दहा टक्के वेगाने चालवावा लागला. सरकारी कामाचा हा वेग मला ओळखीचा वाटला.

तरीही त्या लढाईत हरलेले लोक दुसऱ्या दिवशी एकत्र होते, आणि उएदामातला तो मालवाहू एकटा होता. मला एवढंच दिसतं : आपण गुन्ह्याला किंमत लावली आहे, आणि किंमत परवडली की गुन्हा धंदा होतो. नुकसान झालेल्याच्या शेजारी उभं राहणं हे काम आपल्या नियमावलीत नाही. ते माणसांनी आपापसात वाटून घेतलं, आणि ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांतलेच काही दगा देतील हे ठाऊक असूनही घेतलं. वीस वर्षांहून अधिक काळ हे विश्व टिकलं त्यात आपल्या नाकर्तेपणाचा वाटा मोठा आहे. आपण वेळेत वाचवलं असतं तर कोणाला कोणाची गरज लागली नसती.

म्हणून सुधारणांची मागणी करीत नाही. आपण आहात तसेच राहावं. फक्त हायसेकच्या प्रत्येक दरवाजावर, नवशिक्याला वाचता येईल अशा अक्षरांत, एक फलक लावावा : ‘येथे संरक्षण मिळत नाही. सूड मिळतो, तो विनामूल्य आहे.’

आपला नम्र,
एक करदाता वैमानिक

प्रत माहितीसाठी :
१. काउन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट, म्हणजे २००८ पासून खेळाडू निवडून देत असलेलं प्रतिनिधी मंडळ. चर्चा करावी, निर्णयाची घाई नाही.
२. उएदामाच्या दरवाजाशी कडेला थांबणारे संशयित. आपण हे पत्र वाचेपर्यंत त्यांनी माल विकलेला असेल, तेव्हा प्रत केवळ शिष्टाचार म्हणून.