किल्ली माझ्याकडेच आहे!

आमच्या बिल्डिंगमधली सायकल गेली. कुणाची, ते सांगायची गरज नाही. हे गृहस्थ प्रत्येक बिल्डिंगला एकेक नग दिलेले असतात. रविवारी पहाटे साडेपाचला अंगाला चिकटलेले कपडे आणि खटखटणारे बूट घालून लिफ्टमधून उतरतात, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात, आणि मग शनिवारपर्यंत भेटेल त्याला चढावर आपली नाडी किती होती ते सांगतात. सायकल ६८ हजारांची. ही किंमत आम्हाला चोरीनंतर कळली असं समजू नका. सायकल आली त्या संध्याकाळीच ती चारही मजल्यांना कळली होती.

तर मंगळवारी पहाटे ती गेली. पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या पाइपाला बांधलेली होती. आरडाओरडा ऐकून आम्ही सगळे खाली जमलो. गृहस्थ पायजम्यावर उभे होते आणि उजवा हात वर करून, चिमटीत धरलेली एक किल्ली सगळ्यांना दाखवत होते.

“पण किल्ली माझ्याकडे आहे!”

हे वाक्य ते आधी वॉचमनला म्हणाले. मग सेक्रेटरींना म्हणाले. तासाभरानं आलेल्या हवालदारसाहेबांनाही म्हणाले, आणि दर वेळी त्यात थोडा अधिक न्याय्य संताप होता. म्हणजे चोरीचेही काही नियम असतात आणि चोरानं खेळात लबाडी केली, असा एकूण सूर.

“दुसरी किल्ली असेल ना?” सेक्रेटरींनी तपासाला दिशा दिली.

“ती कपाटात!” वहिनी धावत वर गेल्या आणि खात्री करून खाली आल्या. होती. लोखंडी कपाटात, आतल्या चोरकप्प्यात, त्यांच्या पाटल्यांच्या डबीत. कपाटाची किल्ली देवघरातल्या फोटोमागे, आणि देवघराच्या खोलीला रात्री आतून कडी. दोन्ही किल्ल्या सुखरूप होत्या. सायकल नव्हती, पण त्या क्षणी तो मुद्दा जरा गौण झाला होता.

मला या किल्लीचा नाद सोडवत नाही. कुलूप म्हणजे किल्लीचं लग्न, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. किल्ली सांभाळली की कुलूप आपोआप शीलवान राहतं. चोर काय किल्ली शोधत फिरतो? नळीसारख्या गोल किल्लीची सायकलची कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात, हे अमेरिकेत २००४ साली जगजाहीर झालं. किल्ली मालकाच्या खिशात आणि पेन सगळ्यांच्या. आकड्यांच्या कुलपाला तर किल्लीच नसते, म्हणून काही जणांना ते फार हुशार वाटतं. तीन चाकांचं असेल तर आकडे होतात हजार. एकाला दोन सेकंद धरले तरी निवांत बसलेला माणूस तेहतीस-चौतीस मिनिटांत सगळे फिरवून मोकळा होतो. तेवढंही लागत नाही, कारण मालक घाईत असतो आणि कुलूप लावताना फक्त शेवटचं चाक एक घर पुढे सरकवतो.

आता कुलपाकडे येऊ. ते पाइपालाच लटकत होतं. फिकट जांभळ्या रंगाचं, गुंडाळी होणारं, वायरीचं. गृहस्थांचं म्हणणं, “चांगलं जाड होतं हो!” तुटलेलं टोक मी चष्मा लावून पाहिलं. बाहेरून बोटाएवढं प्लॅस्टिक, आत करंगळीच्या नखाएवढीही नाही अशी तार. काही टपऱ्यांवर बटाटेवडा मिळतो तसा प्रकार. दिसायला दणदणीत, सारण मात्र शोधत जावं लागतं.

“कितीला घेतलं होतं?” मी विचारलं.

“फ्री मिळालं!” आणि तेवढ्या दुःखातही त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

इथे माझं डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही. या माणसानं हेल्मेट घेतलं साडेचार हजारांचं. गॉगल साडेतीन हजारांचा. बुडाला गादी लावलेली चड्डी अडीच हजारांची, आणि ती उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात एक. पाण्याची बाटली आठशेची, जिच्यातलं पाणी आपल्या तांब्यातल्या पाण्यासारखंच लागतं, मी पिऊन पाहिलंय. हे सगळं झाल्यावर बिल भरताना दुकानदाराला म्हणाले, “कुलूप तरी तसंच द्या की हो!” दुकानदारानंही काउंटरखाली हात घालून दिलं. तो कुणालाही देतो. ६८ हजारांच्या भाजीवर यांनी कुलपाची कोथिंबीर मागून घेतली, आणि ती फुकट मिळाली म्हणून महिनाभर खूश होते. सायकलच्या किमतीचा दहावा हिस्सा कुलपावर घालावा, असं जुनेजाणते सायकलवाले सांगतात. यांनी हिस्साच घातला नाही.

मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, यू-लॉक घ्या. कडक केलेल्या पोलादाचा जाड दांडा, निदान तेरा-चौदा मिलिमीटरचा; सोळाचा असेल तर हातकटरचा जबडा दमतो. दांडा दोन्ही बाजूंनी अडकणारा असावा, म्हणजे चोराला एकाऐवजी दोन ठिकाणी कापावं लागतं. ग्राइंडरपुढे काहीच टिकत नाही, पण ग्राइंडरला आवाज असतो, ठिणग्या असतात, आणि कुणी ना कुणी खिडकी उघडून ‘कोण आहे रे?’ एवढं तरी विचारतं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वजन किती?”

दीड किलो.

दीड किलो ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पाटा-वरवंटा पाठीवर बांधायला सांगत होतो. मग त्यांनी मला हिशेब दिला. पुढचा फोर्क कार्बनचा घेतला म्हणून चारशे ग्रॅम वाचले. सीटखालचा दांडा बदलला, शंभर ग्रॅम. घंटी काढून टाकली, तीस ग्रॅम. घंटी! पुण्याच्या रस्त्यावर तीस ग्रॅम वाचवायला घंटी काढणारा माणूस आणि त्याला मी कुलपाचं शास्त्र शिकवत बसलो होतो. हाच माणूस पायथ्याशी पोचला की कांदाभजीच्या दोन प्लेटा, वर मडक्यातलं दही, पुन्हा घरच्यांसाठी म्हणून बांधून घेतलेली भजी, आणि ती वाटेत गार होतात म्हणून तीही तिथेच, असं सगळं वजन बिनतक्रार परत आणतो. त्या वजनाला ग्रॅम नसतात. कुलपाच्या वजनाला मात्र असतात. आणि आता बघा, सायकलचं वजन एकदम शून्यावर आलं. इतकी हलकी सायकल त्यांना कार्बनमध्येसुद्धा मिळाली नसती.

सीसीटीव्ही होता. सात सेकंद लागले, मी मोजले. टोपीवाला आला, पिशवीतून कटर काढला, ‘टक्’. मग त्यानं कापलेलं कुलूप खाली न टाकता नीट पाइपाला अडकवलं. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं चॉकलेटचा कागदसुद्धा इतक्या शिस्तीनं टाकत नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, “काय क्लॅरिटी आहे बघा!” खरंच होती. टोपीची शिवण दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं कुलूप घेऊन काय होतं. बरोबर आहे. ते नुसतं पुढच्या चाकाला घातलं तर कळ दाबून निघणारं ते चाक तेवढं पाइपाला राहतं आणि बाकी सायकल निघून जाते. कुलूप मागचं चाक, सांगाडा आणि जमिनीत रुतलेलं काहीतरी, या तिघांना एकदम कवेत घेणारं हवं. आत पोकळी जितकी कमी तितकी चोराची पहार कमी शिरते. पण ‘जमिनीत रुतलेलं काहीतरी’ या शहरात आणायचं कुठून? बँकेच्या दारात सायकल टेकवली की बंदुकवाला रखवालदार ‘ओ काका, सायकल तिकडं’ म्हणून हात करतो. ‘तिकडं’ म्हणजे गटाराचं झाकण. मॉलमध्ये चारचाकीला सलाम आणि सायकलला ‘अलाउड नाही’. दवाखान्याच्या ग्रिलला बांधली तर आतून नर्स येते. झाडाला बांधावी तर झाड मनगटाएवढं, बांधावी तर फुटपाथवरच्या पाटीच्या खांबाला. तो खांब वरून मोकळा असतो, सायकल कुलपासकट वर उचलली की सुटली, आणि कित्येकदा खांबच हलवून उपटता येतो. एकेकाळी थिएटरबाहेर, मंडईत, स्टेशनवर सायकल स्टँड असायचे. एक चिठ्ठी हँडलला, एक आपल्या हातात. एक सायकल पडली की ओळीनं चाळीस पडायच्या, हँडलात हँडल अडकायचं, ब्रेक वाकायचा. पण चोरीला जात नसत, कारण तिथे एक माणूस स्टुलावर बसलेला असायचा. तेव्हा रात्री दिवा नसला की पोलीस धरायचे, डबलसीट दिसलं की धरायचे, नगरपालिकेचा बिल्ला नसला की धरायचे. रागच यायचा. पण धरायचे म्हणजे सायकल त्यांना दिसायची! आता सायकल कुणालाच दिसत नाही. रस्ता आखणाऱ्याला दिसत नाही, बसवाल्याला दिसत नाही, बिल्डरच्या पार्किंगच्या नकाशात तर ती नाहीच. जिन्याखालचा पाइप हा तिचा अधिकृत पत्ता आहे. अख्ख्या शहरात तिच्याकडे मन लावून पाहणारा माणूस एकच उरला, आणि तो कटर घेऊन येतो.

पोलीस ठाण्यात मी सोबत गेलो. साहेबांनी विचारलं, “फ्रेम नंबर?”

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. खडकवासल्याच्या चढावरचे आपल्या हृदयाचे ठोके, सरासरी वेग, गेल्या वर्षभरातले किलोमीटर, सगळं मोबाइलमध्ये तारीखवार होतं. सायकल उलटी केली की पायडलच्या आसाच्या खाली कोरलेला तो नंबर मात्र त्यांनी कधी वाचला नव्हता. “मॅट ब्लॅक आहे साहेब,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आणि किल्ली माझ्याकडे आहे.”

तरी त्यांची रीतसर तक्रार झाली. माझी झाली नसती. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्या ३०३ कलमात पाच हजारांची रेघ आहे. त्याखालचा माल असेल, चोर पहिलटकर असेल आणि त्यानं माल किंवा पैसे परत दिले, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. असला गुन्हा अदखलपात्र, म्हणजे तुमच्या हातात एन.सी.चा कागद, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. माझी सायकल सेकंडहँड, तीन हजारांची. दूधवाला, पेपरवाला, गवंडी, भांडीवाल्या मावशींचा मुलगा, यांच्याही तेवढ्याच्याच. ज्यांची सायकल गेली की रोजगार बुडतो, त्यांच्या सायकली नेमक्या रेघेखाली. ज्यांची गेली की रविवार बुडतो, त्यांची रेघेवर. यावर विनोद सुचत नाही, माफ करा.

म्हणूनच माझ्या तीन हजारांच्या सायकलला मी २८०० रुपयांचं कुलूप लावतो. घरात यावर बरंच हसून झालंय. “एखाद दिवशी सायकल ठेवून कुलूपच नेतील,” असं आमची ही म्हणते.

गृहस्थांनी परवा नवी सायकल घेतली. ७४ हजारांची. ‘मागचं फार तकलादू निघालं’ अशी तक्रार त्यांनी दुकानदाराकडे केली. त्यालाही वाईट वाटलं. या वेळी त्यानं दोन कुलपं फ्री दिली.

किल्ल्या आता चार झाल्या आहेत. कपाटात जागा केली आहे.